नॅनोकणांचं आकारमान आणि एनएमआर सिग्नल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांचा रेडिओलहरींना मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्रावर) नमुने घेऊन येणाऱ्यांत नॅनोकणवाले लगेच ओळखू येतात. वर्णपट पडद्यावर उमटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझी शिखरं कुठे गेली?" आणि दुसरा, "यंत्रात काही बिघाड आहे का?" यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. खालचे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर आलेले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या. प्रयोगशाळेत सगळे 'पीक' म्हणतात, पण मराठीत पीक शेतात येतं, म्हणून इथे 'शिखर' म्हटलं आहे. आकारमान म्हणजे कणाचा व्यास एवढंच धरा. कण गोल की काठीसारखा हा वेगळा विषय आहे.

कण लहान-मोठा झाला तर अणुकेंद्राला काय फरक पडतो? त्याला कणाचा व्यास कसा कळतो?

व्यास त्याला कळतच नाही. त्याला कळतं ते आपल्या जागेवरचं चुंबकीय क्षेत्र, आणि ते क्षेत्र किती वेगाने डळमळतंय एवढंच. व्यास या दोन गोष्टींमध्ये आडवाटेने शिरतो. कण लहान झाला की त्यातले जास्त अणू पृष्ठभागावर येतात आणि त्यांचे शेजारी बदलतात. द्रवात तरंगणारा कण मोठा झाला की तो हळू गिरक्या घेतो. धातूचा कण लहान झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची वागणूक बदलते. कण चुंबकीय असेल तर तो आजूबाजूच्या सगळ्यांचंच क्षेत्र बिघडवतो. या चार वाटांपैकी तुमच्या नमुन्यात कोणती लागू आहे हे ठरवल्याशिवाय वर्णपटाचा अर्थ लावायला बसू नये. बहुतेक गोंधळ इथेच होतो: पृष्ठभागामुळे आलेली रुंदी मंद गिरक्यांच्या नावावर खपवली जाते, किंवा उलट.

पृष्ठभागावर नेमके किती अणू असतात?

कागदावर करता येईल असा हिशेब आहे. सर्वांत बाहेरचा अणुथर साधारण ०.२५ नॅनोमीटर जाड धरा. मग १० नॅनोमीटरच्या गोळ्यात सुमारे १४ टक्के अणू पृष्ठभागावर येतात, ५ नॅनोमीटरच्या कणात २७ टक्के, २ नॅनोमीटरला ५८ टक्के. ५० नॅनोमीटरला हेच प्रमाण ३ टक्क्यांवर येतं.

अगदी लहान समूहांमध्ये तर अणू एकेक करून मोजता येतात. घनअष्टफलकी रचनेत थरावर थर चढवत गेलं की अणूंची संख्या १३, ५५, १४७, ३०९, ५६१ अशी वाढते. १३ पैकी १२ बाहेर, ५५ पैकी ४२, ३०९ पैकी १६२, ५६१ पैकी २५२. म्हणजे ३०९ अणूंचा कण अर्ध्याहून जास्त 'बाहेरचा'च आहे. अशा कणाच्या वर्णपटात मूळ घन पदार्थाचं शिखर शोधत बसणं म्हणजे फक्त साल असलेल्या फळात गर शोधणं.

लिगँडची, म्हणजे कणाच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंची, शिखरं का फुगतात? मूळ रेणूचा वर्णपट तर सुईसारखा होता.

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पहिलं कारण गिरक्यांचं. मोकळा रेणू द्रवात इतक्या वेगाने फिरतो की प्रोटॉनांमधली आपसातली चुंबकीय ओढाताण सरासरीत शून्य होते. कणाला चिकटलेल्या रेणूला कणाच्या चालीने फिरावं लागतं. हा फिरण्याचा काळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ नॅनोमीटर व्यासाच्या कणाला तो सुमारे ०.९ नॅनोसेकंद लागतो, ४ नॅनोमीटरला ७ च्या वर, १० नॅनोमीटरला ११० च्या आसपास, २० नॅनोमीटरला जवळजवळ १ मायक्रोसेकंद. व्यास दहापट तर वेळ हजारपट. रेषेची रुंदी या वेळेच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दोन-तीन नॅनोमीटरपर्यंत शिखरं दिसतात, पुढे ती ढिगारे होतात आणि मग आधाररेषेत विरघळतात. इथे व्यास लिगँडच्या थरासकट मोजायचा, फक्त गाभ्याचा नाही.

दुसरं कारण जागांच्या विविधतेचं. कणाच्या सपाट बाजूवर बसलेला लिगँड, कडेवरचा आणि कोपऱ्यावरचा, तिघांचं रासायनिक परिसर वेगळं, म्हणून केमिकल शिफ्ट, म्हणजे शिखराची वर्णपटावरची जागा, हीही थोडी वेगळी. अशी शेकडो जवळजवळची शिखरं एकमेकांवर चढली की दिसतो तो एकच रुंद उंचवटा.

तिसरं कारण चुंबकीय ग्रहणशीलतेचं. कणाचा गाभा आणि भोवतीचा द्रव बाहेरच्या क्षेत्राला वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे कणाजवळचं क्षेत्र एकसारखं राहत नाही.

कणाच्या सर्वांत जवळचे प्रोटॉन या तिन्हींचा मार जास्त खातात. लांब साखळीच्या थायोलमध्ये (टोकाच्या गंधकाने कणाला चिकटणाऱ्या सेंद्रिय रेणूत) गंधकालगतच्या मिथिलीनचं शिखर पूर्ण नाहीसं होतं आणि दुसऱ्या टोकाचं मिथाइल मात्र ०.९ पीपीएमजवळ (पीपीएम म्हणजे दशलक्षांश; शिखराची जागा यात मोजतात) बऱ्यापैकी टोकदार राहतं, कारण साखळीचं टोक मोकळेपणी डोलत असतं. हा उतरता क्रम दिसला तर बंध खरोखर तयार झाला आहे, याचा तो चांगला पुरावा. शिखर गायब झालं म्हणून रडत आलेल्यांना मी आधी हेच सांगतो.

म्हणजे शिखर रुंद आलं तर नमुना खराब नाही?

नाही. उलट नॅनोकणांच्या नमुन्यात सगळी शिखरं टोकदार असतील तर मला आधी शंका येते: धुतलेला नाही वाटतं! एकदा ओलिक आम्लाचा थर दिलेल्या क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अर्धवाहकाच्या नॅनोकणांचा, एक वर्णपट समोर आला. देखणा होता, ५.३ पीपीएमजवळ दुहेरी बंधाच्या प्रोटॉनांचं छान टोकदार शिखर. आणणारा खूष. त्याच शिखराचा पायथा मोठा करून पाहिला तर डाव्या बाजूला, थोड्या वरच्या पीपीएमवर, एक बसका फुगवटा लपला होता. तो फुगवटा हा कणावर बांधलेला ओलिएट. देखणं शिखर म्हणजे नुसतं सुटं उरलेलं आम्ल. तीन वेळा अवक्षेपण करून धुतल्यावर देखणं शिखर गेलं आणि फुगवटा राहिला. त्या दिवशी तो विद्यार्थी काही खूष नव्हता, पण नमुना आता खरा होता.

रुंदी मंद गिरक्यांमुळे की वेगवेगळ्या जागांमुळे, हे कसं ओळखायचं?

अरुंद पट्ट्याच्या रेडिओलहरीने उंचवट्याच्या एका ठिकाणाला संपृक्त करून, म्हणजे तिथला सिग्नल दाबून, पाहा. फक्त तेवढ्या जागी भोक पडलं आणि बाकी उंचवटा तसाच उभा राहिला, तर तो अनेक अरुंद शिखरांचा ढीग आहे. सगळाच उंचवटा एकदम खाली बसला तर प्रत्येक शिखर मुळातच रुंद आहे. हा प्रयोग जुना आणि स्वस्त आहे, आणि तरी फारसा कुणी करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे टी-२ (सिग्नल विरून जाण्याचा काळ) थेट प्रतिध्वनी पद्धतीने मोजून त्यातून येणारी रुंदी काढणं. रुंदी म्हणजे १ भागिले पाय गुणिले टी-२. मोजलेली रुंदी याहून बरीच जास्त असेल तर उरलेली जागांच्या विविधतेची किंवा असमान क्षेत्राची. तापमान वाढवून पाहणंही उपयोगी पडतं. द्रव पातळ होऊन शिखर अरुंद झालं तर गिरक्यांचा वाटा मोठा.

सोन्याच्या काही समूहांचे वर्णपट मात्र अगदी टोकदार असतात. ते कसं?

कारण ते 'साधारण इतक्या व्यासाचे कण' नसून ठरलेल्या सूत्राचे रेणू आहेत. सर्वांत परिचित उदाहरण २५ सोन्याचे अणू आणि १८ थायोलेट लिगँड असलेल्या समूहाचं. मध्ये १३ अणूंचा गाभा, त्यावर सोनं-गंधकाच्या सहा कमानी. कमानीत लिगँडच्या दोनच प्रकारच्या जागा आहेत, १२ आतल्या आणि ६ बाहेरच्या. वर्णपटात शिखरांचे दोन संच २:१ प्रमाणात येतात. जागांची विविधता शेकड्यांवरून दोनवर आली आणि समूह लहान असल्यामुळे गिरक्याही जलद, मग रुंदी येणार कुठून?

याच समूहात आणखी एक गंमत आहे. त्यावर एक ऋण प्रभार असताना सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात. तो इलेक्ट्रॉन काढून समूह उदासीन केला की एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो, आणि गंधकाजवळच्या प्रोटॉनांची शिखरं रुंद होऊन लांब सरकतात. तापमान बदललं की जागा आणखी बदलतात. म्हणजे आकारमान तेच, अणू तेच, एका इलेक्ट्रॉनाने वर्णपट बदलला. असा नमुना बाटलीत उघडा ठेवला तर हवेने ऑक्सिडीकरण होऊन तुमच्या हाती दोन्हींचं मिश्रण येऊ शकतं. तेव्हा शिखरांची रुंदी पाहून लगेच 'कण मोठे झाले' असं लिहू नका.

आणि थेट सोन्याचाच सिग्नल का घेत नाहीत? सोनं-१९७ चं केंद्रक चतुर्ध्रुवी आहे (त्याचा प्रभार नीट गोल पसरलेला नाही, म्हणून रेषा फार रुंदावते) आणि त्याची कंपनसंख्याही फार खाली. व्यवहारात तो नाद सोडलेलाच बरा.

धातूच्या कणांत 'नाइट शिफ्ट' म्हणतात ती काय? आणि व्यासाशी तिचा काय संबंध?

१९४९ मध्ये वॉल्टर नाइट यांना दिसलं की धातुरूप तांब्यातल्या तांब्याच्या केंद्रकांचा सिग्नल तांब्याच्या क्षारातल्या सिग्नलपेक्षा सुमारे ०.२३ टक्का वरच्या कंपनसंख्येला येतो. टक्का हा शब्द नीट वाचा. केमिकल शिफ्ट पीपीएममध्ये मोजतात; ०.२३ टक्का म्हणजे २,३०० पीपीएम. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्रात किंचित एका दिशेला झुकतात आणि केंद्रकावर जास्तीचं क्षेत्र टाकतात, म्हणून हे घडतं. जिथे फर्मी पातळीजवळ (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्यांच्या वरच्या काठाजवळ) इलेक्ट्रॉनांच्या जागा दाट, तिथे शिफ्ट मोठी.

आकारमानाच्या बाबतीत सर्वांत बोलका धातू म्हणजे प्लॅटिनम. प्लॅटिनम-१९५ चा स्पिन (ज्यामुळे केंद्रक छोट्या चुंबकासारखं वागतं तो गुण) १/२, नैसर्गिक प्रमाण जवळजवळ ३४ टक्के, सिग्नल बऱ्यापैकी. घन प्लॅटिनमची नाइट शिफ्ट उणे ३.४ टक्के आहे. ती उणे येते कारण डी-इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांना उलट दिशेने वळवतात. उत्प्रेरकात वापरतात तसे एक ते पाच नॅनोमीटरचे कण घेतले की पृष्ठभागावरच्या अणूंचा सिग्नल या जागेपासून फार लांब, शून्य शिफ्टच्या जवळ येतो, आणि आतले थर या दोन टोकांच्या मधे पसरतात. पृष्ठभागापासून आत जावं तसतशी शिफ्ट घन धातूच्या किमतीकडे झपाट्याने वळते. तीन-चार थरांत बहुतेक फरक मिटतो. त्यामुळे वर्णपट हा जणू कणाचा आडवा छेद असतो: एका टोकाला कातडी, दुसऱ्या टोकाला गाभा. कण मोठे होत गेले की गाभ्याच्या बाजूचं शिखर वाढतं, लहान होत गेले की पृष्ठभागाच्या बाजूचं. १९८० च्या दशकात चार्ल्स स्लिक्टर यांच्या इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने आणि नंतर व्हान डर क्लिंक यांनी हे काम पायरीपायरीने उभं केलं.

पण हा वर्णपट घेणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. ९.४ टेस्लाच्या यंत्रात प्लॅटिनम-१९५ ची कंपनसंख्या ८६ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या ३.४ टक्के म्हणजे जवळजवळ ३ मेगाहर्ट्झ रुंद वर्णपट. रेडिओलहरीच्या एका स्पंदाने त्यातला लहानसा तुकडाच उजळतो. म्हणून कंपनसंख्या थोडी सरकवायची, प्रतिध्वनी मोजायचा, पुन्हा सरकवायची, प्रत्येक वेळी सिग्नल पकडणारी कॉइल नव्याने जुळवायची. शेवटी बिंदू जोडून वर्णपट काढायचा. एका नमुन्याला काही दिवस लागले तरी नवल नाही.

एक बारकावा: रेडिओलहर धातूत फार आत जात नाही. तांब्यात १०० मेगाहर्ट्झला ती साधारण ६.५ मायक्रोमीटरवर क्षीण होते. नॅनोकण याच्या हजारपट लहान, त्यामुळे ही अडचण त्यांना जाणवतच नाही. इथे लहान असण्याचा निव्वळ फायदा आहे.

कण फार लहान झाला तर त्याचं धातूपण जातं का?

जातं, पण नुसतं व्यासाने ठरत नाही. तापमानही पाहावं लागतं. जपानी भौतिकशास्त्रज्ञ रयोगो कुबो यांनी १९६२ मध्ये दाखवलं की लहान कणात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सलग राहत नाहीत, त्यांच्यात फटी पडतात. फट साधारण ४ गुणिले फर्मी ऊर्जा भागिले ३ गुणिले इलेक्ट्रॉनसंख्या. फर्मी ऊर्जा ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि कणात १,००० मोकळे इलेक्ट्रॉन धरा. फट येते ६.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ७७ केल्व्हिन. योगायोगाने हाच द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू. म्हणजे खोलीच्या तापमानाला हा कण धातूसारखाच वागेल आणि हीलियमने थंड केला की वेगळा. थंडीत त्याच्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम यावरही नाइट शिफ्ट अवलंबून राहते. खोलीच्या तापमानाचा वर्णपट दाखवून 'क्वांटम परिणाम दिसला नाही' असा निष्कर्ष काढू नये.

ऑक्साइड आणि अर्धवाहक कणांत पृष्ठभाग वेगळा दिसतो का?

दिसतो, फक्त प्लॅटिनमइतका लांब सरकत नाही. सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांत ऑक्सिजन-१७ वापरून घन अवस्थेत केलेलं काम मला फार आवडतं. घन पदार्थातला ऑक्सिजन ८७७ पीपीएमला येतो. पृष्ठभागाचे पहिले, दुसरे, तिसरे थर आपापल्या वेगळ्या शिखरांत सुटे दिसतात. थर मोजण्यासाठी एरवी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, इथे ते शिखरांवरून होतं. अडचण एकच: ऑक्सिजन-१७ चं नैसर्गिक प्रमाण फक्त ०.०३८ टक्के, त्यामुळे समृद्ध केलेला वायू किंवा पाणी वापरावं लागतं, आणि ते स्वस्त नाही.

कॅडमियम सेलेनाइडसारख्या कणांत वेगळी युक्ती चालते. लिगँडच्या प्रोटॉनांकडून ध्रुवीकरण (स्पिनांचं एका दिशेला झुकणं) उसनं घेऊन ते सेलेनियम-७७ किंवा कॅडमियम-११३ ला द्यायचं, म्हणजे क्रॉस पोलरायझेशन. प्रोटॉन कणाच्या बाहेरच असतात, म्हणून उजळतात ते पृष्ठभागाजवळचे अणू. तोच नमुना थेट स्पंदाने मोजला की गाभाही दिसतो. दोन्ही वर्णपट शेजारी ठेवले की कातडी कोणती आणि गर कोणता ते कळतं. मात्र क्रॉस पोलरायझेशनमधल्या शिखरांच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी काढू नका. किती अणू उजळले हे अंतरावर आणि वेळेवर ठरतं. सिग्नल फारच कमी असेल तर गतिक केंद्रकीय ध्रुवीकरण हा पुढचा उपाय. १०० केल्व्हिनच्या आसपासच्या थंडीत मूलकांचे, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंचे, इलेक्ट्रॉन आपलं ध्रुवीकरण पृष्ठभागाला देतात. महागडं आहे, पण एरवी आठवडा लागणारा वर्णपट तासाभरात येऊ शकतो.

अॅल्युमिनाचा उल्लेख थोडक्यात: अॅल्युमिनियम-२७ मध्ये चार, पाच आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागा वेगळ्या दिसतात. पाचवाली जागा, ३० ते ४० पीपीएमच्या पट्ट्यातली, गॅमा अॅल्युमिनाच्या पृष्ठभागाशी जोडलेली आहे. कण जितके लहान तितकी ती ठळक.

लहान कणात रिलॅक्सेशन जलद होतं की मंद?

रिलॅक्सेशन म्हणजे ढवळलेल्या केंद्रकांनी पुन्हा समतोलावर येणं; त्याला लागणारा काळ म्हणजे टी-१. दोन्ही उदाहरणं आहेत, म्हणून सरसकट नियम सांगत नाही.

शुद्ध सिलिकॉनमध्ये सिलिकॉन-२९ ला पुन्हा समतोलावर यायला तास लागतात. मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, आजूबाजूला स्पिनवाले शेजारीही थोडे, कारण सिलिकॉन-२९ फक्त ४.७ टक्के. कणाच्या पृष्ठभागावर मात्र तुटलेले बंध असतात, त्यांवर एकटे इलेक्ट्रॉन. रिलॅक्सेशन तिथे सुरू होतं आणि स्पिन-विसरणाने हळूहळू आत झिरपतं. लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणून लहान कण लवकर निवळतो, मोठा उशिरा. पाच नॅनोमीटरच्या स्फोटजन्य नॅनोहिऱ्यांत हेच टोकाला जातं: शुद्ध मोठ्या हिऱ्यात कार्बन-१३ चा टी-१ तासांच्या घरात, नॅनोहिऱ्यात सेकंदाच्याही आत. उलट प्लॅटिनममध्ये घन धातूतच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे टी-१ खोलीच्या तापमानाला ०.१ मिलिसेकंद इतका छोटा असतो. तिथे पृष्ठभागाने आणखी काय जलद करायचं! पृष्ठभागावरच्या अणूंजवळ इलेक्ट्रॉनांची दाटी कमी झाली तर ते उलट मंद होतात.

याचा रोजच्या कामाला चटका असा बसतो. पृष्ठभाग लवकर निवळतो आणि गाभा उशिरा, अशा नमुन्यावर दोन स्पंदांमधली उसंत कमी ठेवली तर वर्णपटात पृष्ठभाग फुगून दिसतो. मग त्यावरून काढलेला व्यास खऱ्यापेक्षा लहान येतो. उसंत किमान सर्वांत मंद भागाच्या टी-१ च्या पाचपट ठेवा. सिलिकॉनला ती ठेवणं अशक्य असेल तर निदान किती ठेवली ते लिहा.

लोह ऑक्साइडच्या कणांचा प्रोटॉन वर्णपट मिळेल का?

थेट नाही. काळपट तपकिरी द्रावण नळीत आणि नळी यंत्रात: ड्यूटेरियमचं लॉक (क्षेत्र स्थिर ठेवणारा संदर्भ सिग्नल) धरत नाही, शिमिंग (क्षेत्र एकसारखं करणं) जमत नाही, आणि शेवटी पडद्यावर एक आडवी टेकडी. असा नमुना बाटलीबाहेरून ढवळण्याच्या चुंबकाकडे ओढला जात असेल तर तो आणूच नका. लिगँड पाहायचे असतील तर गाभा आम्लात विरघळवा, सेंद्रिय भाग ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये काढून घ्या आणि लोहाचे आयन पाण्याच्या थरात मागे सोडा. तेही चुंबकीयच असतात.

या कणांचं खरं काम दुसऱ्यांचे सिग्नल बदलण्याचं, मुख्यतः पाण्याचे, म्हणूनच ते एमआरआयमध्ये गाजले. तिथे व्यासाचा परिणाम स्वच्छ दिसतो. दक्षिण कोरियातल्या एका गटाने २००५ मध्ये ४, ६, ९ आणि १२ नॅनोमीटरचे लोह ऑक्साइडचे कण तपासले. टी-२ कमी करण्याची क्षमता, म्हणजे आर-२, अनुक्रमे ७८, १०६, १३० आणि २१८ प्रति मिलिमोलर प्रति सेकंद आली. यात दोन गोष्टी एकत्र आहेत. लहान कणाच्या पृष्ठभागावरचे स्पिन विस्कटलेले असल्याने त्याचं चुंबकत्वच कमी. आणि मोठ्या कणाभोवतीचं बिघडलेलं क्षेत्र ओलांडायला पाण्याच्या रेणूला जास्त वेळ लागतो: १० नॅनोमीटरच्या कणाशेजारून जायला सुमारे १० नॅनोसेकंद. हा काळ छोटा आहे तोवर आर-२ व्यासाच्या वर्गाने वाढतो. काही दहा नॅनोमीटरनंतर रेणूला एका जागेचं क्षेत्र सरासरीत मिटवायला वेळच पुरत नाही, वाढ थांबते, आणि त्याहून मोठ्या कणांत आर-२ पुन्हा उतरू लागतो. म्हणून 'मोठा कण म्हणजे चांगला' हे अर्धसत्य आहे. उलट तीन-चार नॅनोमीटरखालचे कण टी-१ कमी करून प्रतिमा उजळ करण्यासाठी तपासले जातात.

एनएमआरने कणाचा व्यास मोजता येतो का?

येतो, आणि सर्वांत सोपा मार्ग विसरणाचा, म्हणजे डोसी. कण जितका मोठा तितका मंद सरकतो, आणि हे नातं त्रिज्येशी सरळ व्यस्त आहे. २५ अंशांच्या पाण्यात २ नॅनोमीटर व्यासाला विसरणांक सुमारे २.४५ गुणिले १० चा उणे दहावा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. १० नॅनोमीटरला त्याच्या पाचवा भाग. तुलनेला पाण्याचा स्वतःचा २.३ गुणिले १० चा उणे नववा घात.

आता तक्रार: "इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ४ नॅनोमीटर, डोसीत साडेसात. कोण खोटं बोलतंय?" कुणीच नाही. सूक्ष्मदर्शकाला गाभा दिसतो. डोसीला लिगँडच्या झालरीसकट सरकणारं पूर्ण गाठोडं दिसतं, आणि ओलिक आम्ल ताठ केलं तर जवळजवळ २ नॅनोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंनी मिळवा.

खरा धोका वेगळा आहे. नमुन्यात लहान-मोठे कण मिसळलेले असतील तर लहानांची शिखरं अरुंद आणि उंच, मोठ्यांची विरलेली, शिवाय मोठ्यांचा सिग्नल ग्रेडियंट स्पंदांच्या काळातच मरून जातो. डोसी तुम्हाला लहानांचाच व्यास सांगते. त्यात सुटा लिगँड कणावर येत-जात असेल तर मिळणारा आकडा दोघांची सरासरी. इथे एनओई (एका प्रोटॉनाला छेडल्यावर शेजारच्याच्या सिग्नलमध्ये होणारा बदल) तपासा: मोकळ्या लहान रेणूचा एनओई धन असतो आणि ४०० मेगाहर्ट्झला गिरकीचा काळ ०.४५ नॅनोसेकंदांपुढे गेला की ऋण होतो. शिखर टोकदार आणि एनओई ऋण, तर तो रेणू कणावर जाऊन आलेला आहे.

पाण्याच्या टी-२ वरूनही कणांच्या एकूण पृष्ठभागाचा अंदाज येतो, कारण पृष्ठभागाला लागून असलेलं पाणी लवकर निवळतं. त्यासाठी आधी ओळखीच्या नमुन्यावर मापन जुळवून घ्यावं लागतं.

नमुना जादूई कोनात फिरवला की सगळं टोकदार होईल ना?

चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात वेगाने फिरवल्याने प्रोटॉनांची आपसातली ओढाताण, दिशेनुसार बदलणारी केमिकल शिफ्ट आणि ग्रहणशीलतेची रुंदी बऱ्याच प्रमाणात जाते. जागांची विविधता जात नाही, कारण तिथे शिफ्टच खरोखर वेगळ्या असतात. दहा नॅनोमीटरहून मोठ्या कणांवरच्या लिगँडसाठी थोड्या द्रावकात भिजवून फिरवणं हा माझा आवडता उपाय. द्रवात न दिसणारी शिखरं अशी परत येतात.

कणावर किती लिगँड आहेत ते मोजायचं आहे. काय करू?

फुगलेल्या शिखराखालचं क्षेत्रफळ मोजू नका. लिगँड सोडवून घ्या. सोन्यावरच्या थायोलसाठी आयोडीन चालतं, ते थायोलेटचं डायसल्फाइड करतं. मग टोकदार शिखरं माहीत असलेल्या संदर्भ पदार्थाशी ताडून मोजा.

जास्त क्षेत्राचं यंत्र मिळालं तर प्रश्न सुटतील का?

कोणता प्रश्न, यावर आहे. अॅल्युमिनियम-२७, ऑक्सिजन-१७ सारख्या चतुर्ध्रुवी केंद्रकांना नक्की फायदा. त्यांची दुसऱ्या क्रमाची रुंदी हर्ट्झमध्ये क्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात घटते. मंद गिरक्यांची प्रोटॉन-प्रोटॉन रुंदी हर्ट्झमध्ये तशीच राहते, म्हणून पीपीएममध्ये थोडी बरी दिसते. जागांच्या विविधतेची रुंदी पीपीएममध्ये जिथल्या तिथे. आणि प्लॅटिनमचा वर्णपट तर क्षेत्राबरोबर हर्ट्झमध्ये आणखी पसरतो, सरकवायचे बिंदू वाढतात. त्यासाठी कोपऱ्यात पडलेलं, हाताने कंपनसंख्या जुळवता येणारं जुनं यंत्र रिकामं असेल, तर आधी त्यावर नंबर लावा.